शीर, नाडी आणि रोहिणी : रक्तविषयक मराठी परिभाषेची जडणघडण

वैद्यकाच्या परिभाषेला एकाच वेळी दोन कसोट्यांस उतरावे लागते. ग्रंथात आणि अध्यापनात तिच्यातील प्रत्येक शब्दाला एक आणि एकच अर्थ असावा लागतो. रोग्याच्या खाटेशी तोच शब्द रोग्यास व त्याच्या आप्तांस समजावा लागतो. ज्योतिर्गणिताच्या परिभाषेवर ही दुसरी अट नसते. तारा आपले नाव ऐकत नाही. रोगी ऐकतो, आणि ऐकलेल्या शब्दावर विसंबून हात पुढे करतो, संमतिपत्रावर सही करतो किंवा नकार देतो.

रक्त, रक्ताची तपासणी आणि रक्त वाहून नेणाऱ्या नलिका ह्यांसंबंधीच्या मराठी शब्दांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ह्या क्षेत्रात मराठीला शब्दांची वाण कधीच नव्हती. प्राचीन आयुर्वेदाने दिलेले शब्द होते, लोकांच्या तोंडचे शब्द होते, यूनानी वैद्यकाच्या संसर्गाने कानी पडणारे शब्द होते. अडचण होती ती विपुलतेची. एकेका शब्दावर अनेक अर्थ चढलेले होते. त्यांतील कोणता अर्थ राखावा आणि कोणता सोडावा ह्याचा निर्णय निरनिराळ्या काळी निरनिराळ्या मंडळींनी एकमेकांस न विचारता केला. त्याचे परिणाम आजही रुग्णालयात दिसतात. प्रस्तुत लेखात ह्या निर्णयांचा मागोवा घेऊन त्यांतून निघणारे अनुमान मांडले आहे.

१. लोकव्यवहारातील शब्द

अशा अभ्यासाला सोलापूरसारखे दुसरे सोयीचे नगर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मराठी ही येथील मुख्य भाषा असली तरी कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर आहे. माग आणि गिरण्या ह्यांच्या निमित्ताने आलेला तेलुगू भाषिक विणकरवर्ग पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदतो आहे. दक्खिनी उर्दू गल्लोगल्ली ऐकू येते. आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याची हद्द जिल्ह्याला लागून होती. येथील दवाखान्यात एकाच बाकावर चार भाषांचे रोगी बसलेले असतात.

रक्ताच्या नावाबाबत ह्या चार भाषांत फारशी अडचण येत नाही. मराठीत ‘रक्त’ आणि ग्रामीण बोलीत ‘रगत’. कानडीत ‘रक्त’ व देश्य ‘नेत्तरु’. तेलुगूत ‘रक्तमु’ व देश्य ‘नेत्तुरु’. उर्दूत ‘खून’ आणि ‘लहू’. संस्कृत ‘रक्त’ हा शब्द पहिल्या तिन्ही भाषांत समान असल्याने डॉक्टरचे काम भागते. खरी गुंतागुंत रक्त वाहणाऱ्या नलिकांच्या नावांत आहे. मराठी माणूस ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो, कानडी ‘नर’ म्हणतो, तेलुगू ‘नरमु’ म्हणतो, उर्दू भाषिक ‘रग’ अथवा ‘नस’ म्हणतो. भाषा निरनिराळ्या असल्या तरी ह्या शब्दांचा स्वभाव पुष्कळसा सारखा आहे. कानडी ‘नर’ आणि तेलुगू ‘नरमु’ ह्यांत रक्ताची शीर, मांसाला हाडाशी बांधणारा कंडर आणि संवेदना वाहणारा मज्जातंतू असे तिन्ही अर्थ सामावतात. मराठी ‘शीर’ आणि ‘नस’ ह्यांची स्थितीही हीच आहे.

मराठीतील पुरावा विपुल आहे. टाचेच्या वरच्या बाजूस जी जाड दोरी हाताला लागते तिला ‘घोडशीर’ म्हणतात. ती कंडर होय, तिच्यातून रक्त वाहत नाही. पोटरीत गोळा आला म्हणजे ‘शिरेवर शीर चढली’ असे म्हणतात. तेथे प्रकार स्नायूच्या आकुंचनाचा असतो. कंबरेतून पायात कळ जाऊ लागली की ‘नस दबली’ असे निदान घरातील वडीलधारी माणसेच करतात. तेथे मज्जातंतू अभिप्रेत असतो. रक्त काढावयास आलेली परिचारिका ‘शीर सापडत नाही’ म्हणते, तेव्हा मात्र तो शब्द खरोखर रक्तवाहिनीचा असतो. झाडाच्या पानावरील रेषांनाही मराठी माणूस शिराच म्हणतो.

ह्यात लोकांचे अज्ञान शोधणे युक्त नव्हे. त्वचेखाली जे काही लांबट, दोरीसारखे, बोटाखाली सरकणारे हाताला लागते, ते सर्व स्पर्शाला सारखेच असते. शवविच्छेदनावाचून त्यांतील भेद समजण्याचा मार्ग नाही. ग्रीक भाषेतही ‘न्यूरॉन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ कंडर, धनुष्याची दोरी असा होता; मज्जातंतू हा अर्थ त्याला पुढे वैद्यांनी दिला. लॅटिन ‘नेर्वुस’ ह्या शब्दाची कहाणी तीच. युरोपात जे घडले ते असे की विच्छेदनाने भेद दाखविला आणि त्याबरोबर जुन्या शब्दांची वाटणी झाली. मराठीत ही वाटणी ग्रंथांनी केली, परंतु ती बोलीपर्यंत पोहोचली नाही.

२. प्राचीन ग्रंथांतील व्यवस्था

शब्दांची ही वाटणी करण्याचा प्रयत्न भारतातही फार पूर्वी झालेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धमनी, स्रोतस् आणि सिरा ह्या तीन शब्दांची व्युत्पत्ती त्यांच्या कार्यावरून लाविली आहे: फुंकणे ह्या अर्थाच्या ‘ध्मा’ धातूपासून धमनी, पाझरणे ह्या अर्थाच्या ‘स्रु’ धातूपासून स्रोतस्, आणि सरणे ह्या अर्थाच्या ‘सृ’ धातूपासून सिरा. ह्यांतील धमनीची व्युत्पत्ती विशेष लक्षणीय आहे. मृत शरीरातील धमन्या बहुधा रिकाम्या आढळतात. त्यामुळे त्यांतून वायू वाहतो अशी समजूत ग्रीक वैद्यांतही प्रचलित होती. ‘आर्टेरिया’ हा ग्रीक शब्द श्वासनलिकेलाही लाविला जाई. म्हणजे दोन दूरच्या परंपरांत एकाच नलिकेचे नाव वायूशी जोडले गेले.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हा विचार अधिक तपशिलाने येतो. सातव्या अध्यायात सिरांची संख्या ७०० सांगितली आहे. बागेला पाटांनी पाणी मिळावे तसे शरीराला सिरांनी पोषण मिळते असा दृष्टांत तेथे आहे, आणि सिरांचा विस्तार पानाच्या शिरांसारखा असल्याचेही म्हटले आहे. मराठी माणूस पानाच्या रेषांना जे नाव देतो त्याची पाळेमुळे अशी खोल गेलेली आहेत. नवव्या अध्यायात धमन्यांची संख्या २४ दिली असून, सिरा, धमनी आणि स्रोतस् हे एकच होत असे मानणाऱ्यांचा पक्ष मांडून तो खोडून काढला आहे. ह्याचा अर्थ असा की ह्या शब्दांच्या पृथक्त्वाविषयीचा वाद त्या काळीही जिवंत होता. अमरकोशाने मात्र नाडी, धमनी आणि सिरा हे तिन्ही शब्द पर्याय म्हणून एकत्र दिले. शास्त्रकाराने केलेला भेद कोशकाराने राखला नाही. आणि कोश पाठ करणाऱ्यांच्या पिढ्या शास्त्र वाचणाऱ्यांपेक्षा नेहमीच अधिक असतात.

सातव्याच अध्यायात आणखी एक वर्गीकरण आहे, आणि आधुनिक मराठीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले. ७०० सिरांचे १७५ चा एक असे चार गट पाडले आहेत. वात वाहणाऱ्या त्या ‘अरुणा’, पित्त वाहणाऱ्या त्या ‘नीला’, कफ वाहणाऱ्या त्या ‘गौरी’, आणि रक्त वाहणाऱ्या त्या ‘रोहिणी’. रंगावरून दिलेली ही नावे त्रिदोषांच्या सिद्धान्तावर उभी आहेत. त्यांत ‘नीला’ ही पित्ताची वाहिनी आहे, रक्ताची नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ह्या ज्ञानाचा व्यवहारातील उपयोग रक्तमोक्षणात होता. सुश्रुताने ९८ सिरा अवेध्य, म्हणजे सुई वा शस्त्र लावू नये अशा, गणल्या आहेत. जळू, शिंग, भोपळा आणि शस्त्र ह्यांनी रक्त काढण्याचे प्रकार त्या परंपरेत सांगितले आहेत, आणि त्यांची स्मृती मराठीने सांभाळली आहे. ‘तुंबडी’ हा मूळचा भोपळ्याचा शब्द रक्त ओढण्याच्या साधनाला लागला. ‘तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार पुढे दुसऱ्याचे शोषण करून आपली थैली भरणाऱ्यास लाविला गेला. ‘जळवांसारखे चिकटणे’ ह्याचाही उगम जवळच आहे. यूनानी हकीम ह्याच क्रियेस ‘फस्द’ म्हणत, आणि हाताच्या शिरांना ‘कीफाल’, ‘बासलीक’ अशी नावे देत. अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून ही नावे युरोपात गेली आणि ‘सेफॅलिक’, ‘बॅसिलिक’ ह्या रूपांत आजच्या शारीरशास्त्रात स्थिर झाली असे मानले जाते. सोलापुरात रक्त काढताना कोपराच्या खळगीच्या आसपास जेथे सुई टोचतात तेथील शिरांची इंग्रजी नावे अशी अरबी वळणाने आलेली आहेत.

३. जुने शब्द, नवे अर्थ

विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला आणि माल्पिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या दाखविल्या. ह्यानंतर रक्तवाहिन्यांचे वर्गीकरण दिशेवरून होऊ लागले: हृदयाकडून बाहेर नेणारी एक, हृदयाकडे परत आणणारी दुसरी, आणि दोहोंना जोडणारी तिसरी. हे वर्गीकरण प्राचीन ग्रंथांत नव्हते. तेव्हा एकोणिसाव्या शतकात जेव्हा पाश्चात्त्य वैद्यक मराठीत आणण्याची वेळ आली, तेव्हा नव्या कल्पनेसाठी जुने नाव वापरावे की नवे घडवावे हा प्रश्न उभा राहिला.

मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याची एक शाळा सुरू झाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले ते इंग्रजी माध्यमाचे. पुढे त्याला मराठी व गुजराती वर्गांची जोड मिळाली, आणि त्या वर्गांसाठी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्यासारख्या अध्यापकांनी केले. शतकाच्या अखेरीस डॉ. गणेश कृष्ण गर्दे ह्यांनी ‘सार्थ वाग्भट’ सिद्ध करून आयुर्वेदाचे शब्द मराठी वाचकाच्या हाती दिले. ह्या दोन प्रवाहांचा संगम व्हावयास हवा होता. परंतु देशी भाषांतील वैद्यकीय शिक्षण मागे पडले, आणि परिभाषेचा प्रश्न वर्गातून निघून कोशकारांच्या टेबलावर गेला.

कोशकारांनी दोन मार्ग धरले. पहिल्या मार्गात बाहेर नेणारी ती ‘धमनी’ आणि परत आणणारी ती ‘शिरा’ ठरली. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन ह्यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ ह्या संस्कृत ग्रंथाने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ह्या वाटणीस प्रतिष्ठा दिली, आणि ‘नाडी’ हा शब्द मज्जातंतूसाठी राखला. दुसऱ्या मार्गात सुश्रुताच्या रंगवाचक नावांपैकी दोन उचलून बाहेर नेणारीस ‘रोहिणी’ आणि परत आणणारीस ‘नीला’ म्हटले गेले. मराठी विश्वकोशाने ही दुसरी जोडी स्वीकारली व तीवरून ‘महारोहिणी’, ‘केशवाहिनी’ इत्यादी संज्ञांचे सुसंगत कुटुंब उभे केले. तांबड्या रक्ताची ती रोहिणी आणि त्वचेखाली निळसर दिसते ती नीला, ही योजना स्मरणास सुलभ आहे ह्यात संशय नाही. मात्र तिच्यात पित्तवाहिनी नीला रक्तवाहिनी झाली, आणि अरुणा व गौरी ह्यांना कामच उरले नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतून अशुद्ध रक्त वाहते, तेथे रंगाचे हे सूत्रही उलटते.

व्याकरणाच्या बाजूनेही दोन्ही जोड्यांत अडचणी आहेत. मराठीत ‘शीर’ हे एकवचन आणि ‘शिरा’ हे अनेकवचन. पाठ्यपुस्तकातील ‘शिरा’ हे संस्कृतातून घेतलेले एकवचन आहे. ‘ही शिरा हृदयाकडे जाते’ हे वाक्य सोलापूरच्या विद्यार्थ्याच्या कानाला चुकीचे वाटते. आपल्या बोलीतील अनेकवचन येथे एकवचन झाले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘नीला’ ह्या शब्दाचे अनेकवचन ‘नीला’ असेच राहते, त्यामुळे एक की अनेक हे क्रियापदावरूनच ओळखावे लागते.

‘नाडी’ ह्या शब्दावर तर सर्वांत मोठा भार पडला. मराठीत नाडी म्हणजे मनगटाशी लागणारा ठोका. ‘नाडी पाहणे’, ‘नाडी सुटणे’, ‘नाडी ओळखणे’ हे प्रयोग रूढ आहेत. नाडीपरीक्षेचे वर्णन शार्ङ्गधरसंहितेत येते, आणि तेव्हापासून वैद्याची ओळखच नाडीवरून होऊ लागली. नाडी म्हणजे लेंग्याचा बंद. पत्रिका जुळविताना पाहावयाची तीही नाडीच. अशा शब्दाला मज्जातंतूचा अर्थ देणे म्हणजे भरल्या घरात आणखी एक पाहुणा घालणे होते. मराठीने तो अर्थ स्वीकारला नाही. ‘मज्जातंतू’ आणि पुढे ‘चेतातंतू’, ‘तंत्रिका’ हे शब्द चालू झाले.

एकाच संस्कृत भांडारातून शब्द घेऊनही प्रांतोप्रांती अर्थ कसे फाटले ह्याची आणखी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ‘स्नायू’ हा सुश्रुताच्या ग्रंथात बंधनकारक तंतूंचा वाचक आहे. मराठीत तो मांसल भागाचा वाचक झाला, बंगालीत तो मज्जातंतूचा वाचक झाला. ‘पेशी’ हा सुश्रुताच्या ग्रंथात मांसखंडाचा वाचक. हिंदीतील ‘मांसपेशी’ त्याच अर्थाशी इमान राखून आहे. मराठीत मात्र पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक. मराठी विद्यार्थ्याला ‘रक्तपेशी’ हा शब्द स्वच्छ वाटतो. हिंदी वाचकाला त्यासाठी ‘कोशिका’ लागते. मराठी विश्वकोशाने अखिल भारतीय परिभाषेशी सांधा राखण्यासाठी ‘कोशिका’ पसंत केली, शाळेने ‘पेशी’ राखली, आणि एकाच भाषेच्या दोन प्रमाण ग्रंथसमूहांत दोन शब्द नांदू लागले.

शेजारच्या हैदराबाद संस्थानात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्यात आला होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम केले. त्यासाठीच्या भाषांतर संस्थेने अरबीच्या आधारे परिभाषा सिद्ध केली, आणि वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले. तेथे ‘शिरयान’, ‘वरीद’ आणि ‘असब’ ह्या तीन शब्दांनी धमनी, शीर आणि मज्जातंतू ह्यांची स्पष्ट वाटणी झाली, कारण ते शब्द वर्गात रोज उच्चारले जात. १९४८ नंतर ते माध्यम गेले आणि शब्दही ग्रंथालयात गेले. परिभाषा वर्गात जगते, आणि वर्ग बंद झाला की तिचा श्वास कोंडतो, हा ह्या प्रयोगाचा बोध होय. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले; तेथील शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले. ज्या शब्दांना अध्यापनात स्थान नाही त्यांनी रुग्णशय्येशी पोहोचावे ही अपेक्षा मुळातच दुर्घट होती.

४. रक्ततपासणीची भाषा

रक्तवाहिन्यांचे शब्द ग्रंथांतून आले. रक्ततपासणीचे शब्द बव्हंशी व्यवहारातून आले, आणि म्हणूनच त्यांचे भवितव्य निराळे झाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. आरोग्यसेवक घरोघर जाऊन बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेऊ लागला. ‘रक्तनमुना’ हा शब्द ह्या मोहिमांनी खेड्यापाड्यांत नेला. ‘नमुना’ हा फार्सीतून आलेला, कापडाच्या व धान्याच्या बाजारात रुळलेला शब्द; विणकरांच्या नगरीला तो समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

सोलापूर हा महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांपैकी एक होय. ह्या रोगाच्या जंतूंची सूक्ष्म पिले रात्रीच्या वेळी त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्रीच घ्यावे लागते. रात्री दारात उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवकास घरातील माणसे दोन प्रश्न विचारणार हे स्वाभाविक आहे: रात्रीच का, आणि सूज पायाला असता रक्त बोटाचे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लसीकावाहिन्यांची कल्पना सांगावी लागते. हा जंतू राहतो लसीकावाहिन्यांत; रक्तात येतात ती त्याची पिले. ‘लसीका’ हा शब्द चरकसंहितेत त्वचेखालील पातळ द्रवासाठी आलेला आहे, आणि मराठी बोलीत जखमेतून झिरपणाऱ्या पातळ स्रावाला ‘लस’ म्हणतात. म्हणजे येथे ग्रंथ आणि बोली ह्यांच्यामध्ये पूल तयारच होता. परंतु ‘लस’ ह्या शब्दाने देवीच्या टोचणीपासून दुसराच अर्थ घेतला, आणि तो इतका बळावला की पहिला झाकला गेला. आज लसीकावाहिनी हा शब्द ऐकणारास त्याचा संबंध टोचणीशी असावा असे वाटले तर नवल नाही.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर ह्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. ‘गट’ हा साधा, बोलका मराठी शब्द त्यासाठी निवडला गेला आणि तो सर्वत्र रूढ झाला. ह्या विषयात मुंबईचे स्थान जगाच्या नकाशावर आहे. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तप्रकाराचे वर्णन केले, तो ‘बॉम्बे रक्तगट’ ह्या नावाने ओळखला जातो. १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, तरी ह्या रक्तगटाचे नाव पालटले नाही. ह्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा मूलघटक नसतो. साध्या तपासणीत त्यांचे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, परंतु ‘ओ’ गटाचे रक्त त्यांना चालत नाही. दिल्यास प्राणावर बेतू शकते. चिठ्ठीवरील एका अक्षराने दोन भिन्न वस्तू झाकल्या जातात तेव्हा काय घडू शकते ह्याचे ह्याहून गंभीर उदाहरण मिळणे कठीण.

‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दाची गोष्ट ह्याच जातीची आहे. रक्तगटाच्या संदर्भात पॉझिटिव्ह म्हणजे ऱ्हीसस घटक असलेला, आणि बहुसंख्य भारतीय तसेच असतात. रोगाच्या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे रोग असल्याची खूण. एड्‌सचे रुग्ण भारतात १९८६ पासून आढळू लागले, आणि त्यानंतर हा शब्द मराठी घरात भीतीचा धनी झाला. एकाच प्रयोगशाळेच्या एकाच कागदावर ‘बी पॉझिटिव्ह’ हे निरुपद्रवी असते आणि खालच्या ओळीतील ‘पॉझिटिव्ह’ आयुष्य पालटणारे असते. एरवी चांगल्या गोष्टीस लाविला जाणारा हा शब्द येथे वाईट बातमी सांगतो, आणि ‘निगेटिव्ह’ ऐकून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. रोगाच्या बाबतीत ‘बाधित’ हा मराठी शब्द उपलब्ध होता व शासकीय लेखनात तो आलाही. परंतु प्रयोगशाळेचा कागद इंग्रजीत राहिला, म्हणून कागदावरचाच शब्द तोंडी बसला.

उलट ‘रक्तपेढी’ ह्या शब्दाने मिळविलेले यश अभ्यसनीय आहे. मूळ इंग्रजी संज्ञेत बँक हा शब्द आहे. मराठीने त्यासाठी सराफाची व व्यापाऱ्याची ‘पेढी’ निवडली. पेढीत ठेव ठेवतात, गरजेला उचल करतात, आणि तिचा सर्व कारभार विश्वासावर चालतो. हे सारे अर्थ न सांगता रक्ताच्या साठवणीला लागू पडले. ‘रक्तदान’ ह्या शब्दाने अन्नदान, श्रमदान, भूदान ह्या मालिकेत आपली जागा घेतली. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची प्रथा देशात दीर्घकाळ चालू होती, आणि तेव्हा हा शब्द अर्धा खोटा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून ती प्रथा बंद करण्यात आली, आणि शब्द व व्यवहार ह्यांचा मेळ बसला. ग्रंथांतील ‘रक्ताधान’ ही संज्ञा मात्र ग्रंथांतच राहिली; लोक ‘रक्त चढविणे’ म्हणतात.

ज्या संज्ञा रुळल्या नाहीत त्यांकडेही पाहावयास हवे. हीमोग्लोबिनसाठी ‘रक्तारुण’ आणि प्लेटलेटसाठी ‘बिंबाणू’ हे शब्द अर्थाने चोख आहेत, घडणीने सुबक आहेत. परंतु डेंग्यूच्या साथीत मराठी माणसाला ज्या क्षणी त्या वस्तूची गरज भासली त्या क्षणी डॉक्टरच्या तोंडी ‘प्लेटलेट’ होता. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिले: ‘प्लेटलेट कमी झाल्या’. तसेच ‘शुगर वाढली’ ह्यात साखरेचे लिंग आले, ‘टेस्ट केली’ ह्यात तपासणीचे आले. परका शब्द स्वीकारतानाही मराठी व्याकरण आपल्या घरातील शब्दाचे आसन त्याला देते. ही प्रक्रिया भाषेच्या दुबळेपणाची नसून तिच्या पचनशक्तीची खूण आहे. मात्र पचलेला शब्द समजलेला असतोच असे नाही. ‘प्लेटलेट’ म्हणजे रक्त थिजविण्यास साहाय्य करणारा घटक, हे ‘प्लेटलेट कमी झाल्या’ असे म्हणणाऱ्या कित्येकांस सांगता येणार नाही.

५. समालोचन

वरील इतिहासातून तीन मार्ग स्पष्ट दिसतात. पहिला, जुन्या संस्कृत शब्दात नवा अर्थ भरण्याचा: रोहिणी, नीला, धमनी, नाडी. दुसरा, चालू व्यवहारातील शब्दाचा अर्थ वाढविण्याचा: रक्तनमुना, रक्तगट, रक्तपेढी. तिसरा, परका शब्द जसाच्या तसा घेण्याचा: प्लेटलेट, शुगर, पॉझिटिव्ह. पहिल्या मार्गाने नेमकेपणा मिळाला परंतु ऐकणारा मिळाला नाही; तिसऱ्याने ऐकणारा मिळाला परंतु समज मिळाली नाही; दुसऱ्या मार्गात दोन्ही साधली. ह्यावरून संस्कृतवर आक्षेप घेणे योग्य होणार नाही. ‘रक्तदान’ हा शब्द पूर्णपणे संस्कृत आहे आणि तो प्रत्येक मागवाल्याला कळतो. शब्दाचे कूळ कोणते ह्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या जीवनव्यवहारात त्याला आधी जागा होती की नाही, हा निर्णायक प्रश्न आहे.

ह्या दृष्टीने पाहता ‘शीर’ ह्या शब्दाची उपेक्षा ही मराठी परिभाषेतील मोठी उणीव म्हणावी लागेल. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्याच्या पोटरीवर फुगलेल्या, वेटोळ्या झालेल्या शिरा दिसू लागतात. त्या विकारास ग्रंथांत ‘अपस्फीत नीला’ हे नाव आहे. तो कामगार ‘पायाच्या शिरा फुगल्या’ असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या अचूक आहे. तोच कामगार दुसऱ्या दिवशी पोटरीत गोळा आल्यावर ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो, तेव्हा ते अचूक नसते. परिभाषेचे काम पहिल्या प्रयोगास मान देणे आणि दुसऱ्यापासून तो वेगळा करणे हे होते. ‘रक्ताची शीर’ असा साधा विशेषणयुक्त प्रयोग रूढ केला असता तरी हे काम पुष्कळसे साधले असते. बोलीत तो प्रयोग शक्य आहे, आणि कानडी व तेलुगू भाषिकांच्या ‘नर’, ‘नरमु’ ह्या शब्दांनाही तीच पुस्ती जोडता येते.

मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदी माध्यमातील वैद्यकीय पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत इंग्रजी संज्ञा मोठ्या प्रमाणावर नागरी लिपीत राखल्या गेल्या. मराठीत असा उपक्रम झाल्यास हाच तिसरा मार्ग सर्वांत सोपा म्हणून पुढे येईल. विद्यार्थ्यांपुरता तो पुरेसाही ठरेल, कारण त्यांना इंग्रजी ग्रंथ वाचावेच लागतात. परंतु वैद्यकाच्या परिभाषेची दुसरी कसोटी त्याने उतरणार नाही. त्यासाठी ग्रंथाचा शब्द आणि रोग्याचा शब्द ह्यांचा समांतर कोश लागेल, आणि तो रुग्णालयातील प्रत्यक्ष बोलण्याच्या नोंदींवर उभारावा लागेल. कोणत्या गल्लीत ‘नस’ म्हणतात व कोठे ‘शीर’, कोण ‘नरमु’ म्हणतो आणि त्याचा अर्थ त्या वेळी कोणता असतो, ह्या नोंदी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मिळून घ्यावयाच्या आहेत. चार भाषांचे रोगी एका बाकावर बसणाऱ्या सोलापुरात ह्या कामास आरंभ करणे सर्वांत सोपे आहे, आणि त्याची गरजही येथेच सर्वांत निकडीची आहे.